पोटाची जबानी

आमचे डॉक्टर कुत्र्या-मांजरांना अहो-जाहो करायचे आणि त्यांना घेऊन येणाऱ्या माणसांवर मात्र पहिल्या मिनिटापासून संशय घ्यायचे. टेबलावर एखादं पामेरियन ठेवलं की अगदी अदबीने विचारायचे, "या. बसा. कधीपासून होतंय आपल्याला?" मालक उत्तर द्यायला तोंड उघडायचा. डॉक्टर त्याच्याकडे न बघता हात वर करायचे आणि सांगायचे की तुमची पाळी अजून यायची आहे.

वर्तकनगरला एका जुन्या कॉलनीच्या तळमजल्यावर त्यांचा दवाखाना होता आणि मी तिथे साडेचार वर्षं होते. जाहिरातीत 'काउंटर सांभाळण्यासाठी' असं लिहिलं होतं. मुलाखतीत त्यांनी मला अक्षर कसं आहे ते विचारलं, एक ओळ लिहून घेतली, आणि मग विचारलं की समोरचा माणूस रडत बोलत असला तर लिहिता येतं का. मला वाटलं, कुत्रं दगावल्यावर लोक रडतात त्याबद्दल असेल. तसं नव्हतं. माझं काम जबान्या लिहून घेण्याचं होतं.

पद्धत अशी. जनावराचं पोट बिघडलं, उलट्या झाल्या, काविळीची शंका आली, की डॉक्टर घरातल्या सगळ्यांना बोलवायचे. सगळ्यांना म्हणजे सगळ्यांना. कामावरून सुट्टी मिळत नाही वगैरे चालायचं नाही. मग एकाला आतल्या खुर्चीवर, एकाला बाहेरच्या बाकावर, एकाला जिन्यात असं लांब लांब बसवायचे, म्हणजे एकमेकांशी बोलून उत्तरं जुळवता येऊ नयेत. मी केसपेपर घेऊन एकेकाकडे जायची. प्रश्न तीनच. काय दिलं, कधी दिलं, आणि घरात कोणाला न सांगता काय दिलं. खाली सही. तिसऱ्या प्रश्नाला माणसं आधी हसायची, मग चिडायची, मग आवाज खाली आणून म्हणायची, "मॅडम, हे ह्यांना दाखवणार नाही ना?"

डॉक्टर रक्त तपासायचे, सोनोग्राफीला पाठवायचे, सगळं करायचे. पण त्यांचं म्हणणं असं की रिपोर्ट फक्त कुठे लागलं ते सांगतो, कोणी मारलं ते सांगत नाही. "कुत्रा एक आणि वाढपी पाच," हे त्यांचं नेहमीचं वाक्य. दुसरं वाक्य यकृताबद्दल होतं. लिव्हर म्हणजे घरातली थोरली सून, म्हणायचे. वर्षानुवर्षं सोसते, एका शब्दाने बोलत नाही, आणि बोलते तेव्हा घर उठायची वेळ आलेली असते. हे वाक्य ऐकून बऱ्याच थोरल्या सुना आमच्या दवाखान्यात उगाचच डोळ्यांना पदर लावायच्या आणि त्यांच्या सासवा कुत्र्याकडे बघत राहायच्या.

ब्रूनो नावाचा एक लॅब्रॅडोर होता. वजन इतकं की टेबलावर चढवायला बाकावरच्या दोन पेशंटांचे मालक लागायचे. आठवड्यातून दोनदा उलट्या. घरात नवरा, बायको, कॉलेजातली मुलगी आणि आजोबा. प्रत्येकाचं उत्तर एकच, "मी फक्त अर्धी पोळी देते," "मी फक्त अर्धी पोळी देतो." डॉक्टरांचं समाधान होईना. त्यांनी सोसायटीच्या वॉचमनला बोलावलं, मग खालच्या इस्त्रीवाल्याला. तेही अर्धी अर्धी पोळी देत होते. आजोबांपाशी मी दुसऱ्यांदा गेले तेव्हा ते माझा हात धरून म्हणाले की पोरी, मला मधुमेह आहे. दाढीच्या सामानाच्या डब्यात ते पेढे लपवून ठेवत. ब्रूनोला ते कळलं होतं आणि डबा उघडला की तो भुंकायचा. म्हणून एक पेढा आजोबांना आणि एक ब्रूनोला, रोज, तोंड बंद ठेवण्यासाठी.

डॉक्टरांनी सगळ्यांना आत घेतलं आणि मला जबान्या मोठ्याने वाचायला सांगितलं. सूनबाईंनी पहिल्या पाच मान खाली घालून ऐकल्या, कारण त्यात त्यांची स्वतःचीही होती. सहावी सुरू झाल्यावर त्या उभ्या राहिल्या. त्यानंतर अर्धा तास ब्रूनोबद्दल कोणी काही बोललं नाही. पण दोन महिन्यांत त्याच्या उलट्या थांबल्या, वजन उतरलं, आणि आजोबांची साखरही म्हणे जागेवर आली. त्या आनंदात सगळं घर आमच्याकडे पेढे घेऊन आलं. डॉक्टरांनी खोका बघितला आणि मला केसपेपर आणायला सांगितलं.

कल्याणहून एक निवृत्त पोलीस अधिकारी डॉबरमन घेऊन आले होते. कुत्रा रोज सकाळी हिरवट ओकत होता. जबानीचं ऐकून साहेब मनापासून हसले. म्हणाले, अहो, मी आयुष्यभर हेच केलंय. डॉक्टर म्हणाले, मग तुम्हाला जिन्यात कसं बसायचं ते शिकवायला नको. चाळीस मिनिटं साहेब जिन्यात बसले आणि त्यांच्याकडून एक अक्षर बाहेर आलं नाही. शेवटी मी त्यांच्या पत्नींकडे गेले. त्या बिचाऱ्या सरळ बाई. साहेबांचं स्वतःचं लिव्हर सुजलंय म्हणून त्या रोज पहाटे उठून गुळवेल आणि कडुनिंबाचा काढा करत होत्या. साहेब तो मोकळ्या हवेत, गॅलरीत जाऊन पितात, असं त्यांनी सांगितलं. मी विचारलं, गॅलरीत त्या वेळी आणखी कोण असतं? त्या म्हणाल्या, "टायसन." मग पर्स उचलली आणि जिन्याकडे गेल्या. टायसनचं ओकणं दुसऱ्या दिवसापासून थांबलं. साहेबांच्या लिव्हरचं काय झालं ते आमच्याकडे नोंदलेलं नाही.

पोट तपासायची त्यांची तऱ्हाही वेगळी. डोळे मिटून दोन्ही हातांनी पोट चाचपायचे आणि त्या वेळी दवाखान्यात टाचणी पडलेली ऐकू आली पाहिजे. पंखा बंद. मोबाईल बंद. बाहेरच्या बाकावरच्यांनाही गप्प बसवलेलं. एकदा एका पर्शियन मांजरावर ते असे वाकले होते आणि त्या शांततेत कुठेतरी मोठ्ठा गुरगुराट झाला. डॉक्टरांनी डोळे न उघडता सांगितलं, "हे ह्यांचं नाही. तुमचं आहे. सकाळपासून काही खाल्लेलं नाही तुम्ही." मालक ओशाळला. डॉक्टरांनी खणातून केळं काढून त्याला दिलं आणि ते संपेपर्यंत मांजराला हात लावला नाही.

भिंतीवर तिथी-सणांचं कॅलेंडर होतं आणि त्यात लाल पेनाने आजार लिहिलेले. गटारीच्या चौकटीत 'स्वादुपिंड', दुसऱ्या दिवशी 'हाड अडकणे'. गणपतीत 'मोदक, तूप, पुन्हा स्वादुपिंड'. पितृपक्षात 'खीर. पितर सगळ्यांचे, कुत्रा एकच'. दिवाळीत 'चकली, बद्धकोष्ठ'. त्या दिवाळीखाली एक छोटी सूचनाही होती, तपासायचा नमुना पारदर्शक डबीत आणावा, मिठाईच्या खोक्यात आणू नये. तिच्यामागे एक प्रसंग आहे. तो मी कोणालाच सांगत नाही.

श्रावणावर मात्र एकच शब्द होता, 'मांजरं', आणि त्याखाली दोन रेघा. पहिल्याच वर्षी मी त्याचा अर्थ विचारला होता. डॉक्टर म्हणाले, अर्धं ठाणं श्रावणात मासळी सोडतं, पण मांजराला कोणी विचारत नाही. तिच्यापुढे दूधभात ठेवतात. ती रुसते. त्यात ती अंगाने जाडजूड असली आणि तीन-चार दिवस उपाशी राहिली, की अंगातली चरबी सुटून लिव्हरकडे धावते आणि लिव्हरमध्येच भरून बसते. मग कावीळ, मग मळमळ, मग अन्नावरची वासना आणखी जाते. औषध एकच, अन्न. आणि तेच ती खात नाही. हे सगळं मला साडेचार वर्षं पाठ होतं, हे लक्षात ठेवा.

एवढं दुसऱ्यांचं पोट ओळखणाऱ्या माणसाचं स्वतःचं पोट कायम बिघडलेलं असायचं. खणात केळ्यांच्या शेजारी गुलाबी पातळ औषधाची बाटली. एकदा भर दुपारी त्यांच्या मिसेस आल्या, माझ्यासमोर बसल्या आणि म्हणाल्या, माझीही जबानी लिहून घे. त्या देतात ते डबे मागच्या गल्लीतल्या कुत्र्यांना जातात आणि हे स्वतः कोपऱ्यावर उभं राहून वडापाव खातात, असं त्यांनी सांगितलं आणि सही केली. मी कागद डॉक्टरांपुढे ठेवला. त्यांनी तो पूर्ण वाचला, खाली 'मान्य' असं लिहिलं आणि तारीख घातली. आता दवाखाना बंद करून दोघं शहाडला मुलीकडे राहायला गेली आहेत. त्या गाळ्यात मोबाईलच्या काचा बदलून मिळतात.

हे मी एवढ्या मजेत सांगते, कारण बहुतेक वेळा मी कागदाच्या अलीकडच्या बाजूला होते. घरोघरची माणसं खोटं बोलतात हे मला रोज दिसत होतं. माझं घर मी त्यात धरलंच नव्हतं.

बाळकुमला आम्ही दोघी राहत होतो, आई आणि मी. आणि सुरमई. बाबांनी तिला एका रविवारी मासळीच्या पिशवीबरोबर बाजारातून उचलून आणलं होतं, रंगाने निळसर राखाडी म्हणून नाव सुरमई. बाबा जेवायला बसले की ती शेजारच्या खुर्चीवर बसायची आणि बाबा काटे काढून काढून तिला घास द्यायचे. आई ओरडायची की आधी स्वतः जेवा. त्यात ती चांगली गुबगुबीत झाली होती. माघात बाबा गेले. छातीत दुखतं म्हणून हॉस्पिटलात नेलं, दोन दिवसांत घरी सोडतो असं तिथल्या एकाने सांगितलं, आणि तिसऱ्या दिवशी संपलं.

त्यानंतर आईचे उपास वाढत गेले. सोमवार होताच. मग शनिवार आला, चतुर्थी आली, एकादशी आली, प्रदोष आला. मी साडेनऊला डबा घेऊन निघायची आणि आठ-साडेआठला परत यायची. जेवलीस का विचारलं की आई म्हणायची, केव्हाच. मग मी मोबाईल बघत एकटी जेवायची. मला दुसरं काही सुचत नव्हतं आणि खरं सांगायचं तर घरात बाबांच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत बसण्यापेक्षा मला दवाखाना बरा वाटायचा.

श्रावण लागला. घरात मासळी बंद झाली. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी पाहिलं की सुरमईपुढे दूध ठेवलं तर ती तोंड फिरवते आणि देवघरासमोर जाऊन बसते. त्यांनी आईला सांगितलं, अगं, ही तुझ्याबरोबर श्रावण करतेय. चार दिवसांत ही बातमी तिन्ही विंगांत गेली. बायका हळद-कुंकू घेऊन यायला लागल्या. कोणी बेलाचं पान आणलं. एकीने दहावीतल्या मुलीला आणून तिच्या पाया पडायला लावलं. सुरमई डोळे अर्धे मिटून, मान खाली घालून बसलेली असायची आणि तिच्या तोंडातून लाळ गळायची. त्याला त्या ध्यान म्हणत होत्या. बाबा गेल्यापासून माझ्या आईला कुंकू लावायला कचरणाऱ्या ह्याच बायका मांजराला मळवट भरून जात होत्या, आणि आई त्यांना कोकम सरबत देत होती. मला त्याचा इतका राग आला की मांजराकडे नीट बघायचंच राहिलं.

विचारलं नाही असं नाही. सुरमई जेवते ना, असं मी रोज विचारायची. आई म्हणायची, दुपारी जेवली. वाटी रिकामी असायची. रिकाम्या वाटीवर माझा विश्वास बसला. साडेचार वर्षं मी दुसऱ्यांच्या रिकाम्या वाट्यांवर एकदाही विश्वास ठेवला नव्हता.

सोसायटीच्या ग्रुपवर कोणीतरी तिचा फोटो टाकला, खाली 'आमच्याकडची तपस्विनी' असं लिहून. मी तो दवाखान्यात गंमत म्हणून डॉक्टरांना दाखवला. ते टेबलावरच्या एका बीगलचे दात बघत होते. त्यांनी चष्मा काढला, फोटो बोटांनी मोठा केला आणि विचारलं किती दिवस झाले. मी म्हटलं, लोक म्हणतात नऊ.

"हळद कुठे लावतात?"

"कपाळाला."

"मग कान आतून पिवळा कशाने झालाय?"

त्यांनी कापूस आणि पाण्याची बाटली घेतली, बीगलला सांगितलं की आपण जरा थांबा, आणि आम्ही रिक्षाने निघालो. साडेचार वर्षांत ते कधी कोणाच्या घरी गेले नव्हते. माणसं स्वतःच्या घरात जास्त सफाईने खोटं बोलतात, असं त्यांचं मत होतं.

घरी पाच बायका बसलेल्या होत्या आणि आरतीचं तबक तयार होतं. डॉक्टरांनी सरळ देवघरासमोर बैठक मारली, सुरमईला नमस्कार केला, "माफ करा, अंगाला हात लावतोय," असं सांगितलं आणि ओल्या कापसाने तिचं कपाळ पुसलं. कापूस पिवळा-तांबडा झाला. बायकांमध्ये कुजबुज सुरू झाली, कारण हळद-कुंकू पुसणं म्हणजे अशुभच. मग त्यांनी दुसरा कापूस घेतला आणि कानाची आतली बाजू पुसली. दोनदा पुसली. कापूस पांढराच राहिला आणि कान पिवळाच राहिला. त्यांनी दोन्ही कापूस तळहातावर ठेवून मला दाखवले. "ही हळद," म्हणाले, "आणि हे लिव्हर."

एक बाई म्हणाल्या, उपासाचं तेज असेल. डॉक्टरांनी त्यांना गंभीरपणे विचारलं की तुमच्या कानात कधी तेज आलंय का. मग सुरमईचा ओठ वर करून हिरड्या दाखवल्या. त्याही पिवळ्या होत्या. पाठीवरून हात फिरवला तर एकेक मणका मोजता येत होता. तिला लगेच न्यायला हवं, मानेतून नळी घालावी लागेल, नळीतून अन्न द्यावं लागेल, नाहीतर चार-पाच दिवसांत जाईल, असं त्यांनी सांगितलं.

आई उठली आणि सुरमईला उचलून छातीशी धरलं. "तिला कुठे न्यायचं नाही," म्हणाली.

डॉक्टरांनी वाद घातला नाही. त्यांनी पाचही बायकांना जिन्यात जाऊन बसायला सांगितलं, आणि का कोण जाणे, त्या खरंच जाऊन बसल्या. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "लिहा." मी त्यांच्याकडे बघत राहिले. ते पुन्हा म्हणाले, "लिहा. तुमचं काम आहे." मी फोनशेजारची वही घेतली.

त्यांनी विचारलं, मांजराला काय दिलं. आई म्हणाली, दूधभात, आणि हिने आणलेला तो कोरडा खाऊ. तो खाल्ला कोणी? आई माझ्याकडे न बघता म्हणाली की गच्चीवरच्या कावळ्यांना घातला. डॉक्टरांनी विचारलं का, आणि आईने पहिल्यांदा मान वर केली. "हिला कळलं असतं तर हिने तिला नेली असती. ह्यांना नेलं ते परत आले नाहीत."

माझा हात थांबला. डॉक्टर थांबले नाहीत.

"काल तुम्ही काय जेवलात?"

"माझं काय विचारता? मांजराचं विचारा."

"मांजराचं तिच्या कानावर लिहिलेलं आहे. काल काय जेवलात?"

"चहा."

"रात्री?"

"चहाच घेतला."

"परवा?"

आईने सुरमईच्या पाठीवरून हात फिरवला. मग म्हणाली, "ताट घेऊन बसते मी. खोटं नाही सांगत. पण समोर कोण नसतं. सुरमई बसते खुर्चीवर, माझ्या तोंडाकडे बघत. मी घास घेत नाही, मग ही पण नाही घेत."

हे मी लिहिलं. स्वतःच्या आईची जबानी, स्वतःच्या अक्षरात. गेले सहा महिने मी रोज विचारत होते आणि रोज उत्तर न ऐकता ताट वाढून घेत होते. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. आईने सही केली.

नंतर डॉक्टरांनी आईला विचारलं की उपास धरला आणि पारणं केलं नाही तर दोष कोणाला लागतो. आई म्हणाली, धरणाऱ्याला. "मग नऊ दिवस झाले," ते म्हणाले, "हिचं पारणं कोण करणार?" त्यांच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. आईने विचारलं, परत येईल ना ती? मला वाटलं, आता ते हो म्हणतील. कोणीही म्हटलं असतं. ते म्हणाले, "सांगता येत नाही. पण तुम्ही दाराशी बसा. तासाभरात तुमच्या मांडीवर देतो. तिथून पुढे तुमच्या हातात आहे." आईने चपला घातल्या. जिन्यात बसलेल्या बायका भिंतीला सरकल्या आणि आई मांजराला पदरात घेऊन त्यांच्यामधून खाली उतरली.

नळी घातली. तासाऐवजी पाऊण तास लागला. डॉक्टरांनी केसपेपर लिहिला, तो मी अजून ठेवला आहे. 'एक. सुरमई. नळीतून पातळ केलेलं अन्न, कोमट, दर चार तासांनी. दोन. आई. पोळ्या दोन, भाजी, वरण-भात. दुपारी एक, रात्री आठ. रुग्णासमोर बसून. चावल्याचा आवाज यावा. रुग्णाची वाटी ताटाशेजारी ठेवावी, पण तिच्याकडे बघू नये. रुग्णाने खायला सुरुवात केल्यास स्वतःचं जेवण थांबवू नये.' आई म्हणाली, हे माझं का लिहिलंत? डॉक्टर म्हणाले, माणसांना औषध द्यायचा मला परवाना नाही. हे मांजराचंच औषध आहे. चुकलं तर मांजराला चुकेल.

दुसरा पेच मासळीचा. श्रावणात ती स्वयंपाकघरात येणार नाही, यावर आई ठाम होती. मग गॅलरीत छोटी शेगडी मांडली, दुसरा मिक्सर आणला, आणि आईने स्वतः नाकाला पदर लावून बांगडे उकडले. तो वास सगळ्या मजल्यांवर गेला. दर्शनाला येणाऱ्या बायका यायच्या बंद झाल्या आणि त्यांचे नवरे मात्र चार तासांनी एकदा आमच्या मजल्यावर काहीतरी कारण काढून रेंगाळायला लागले. एकाने तर लिफ्ट बंद आहे असं सांगून आमच्या दाराशी दहा मिनिटं दम खाल्ला. लिफ्ट चालू होती.

हसायला येतं ते आता. तेव्हा चौथ्या दिवशी सुरमईने दिलेलं सगळं ओकून टाकलं आणि मान टाकली. डॉक्टर आले, सलाईन लावलं, अन्न निम्मं केलं, आणि आईला म्हणाले की तुमचं निम्मं करू नका. आई रडत जेवली. मी सुट्टी मागितली तर डॉक्टर म्हणाले, सुट्टी नको, पण एक वाजता घरी जाऊन जेवून परत या. बाकावर पेशंट असले तरी मी जायची. आम्ही दोघी समोरासमोर बसून, मांजराकडे न बघता, मोठमोठ्याने आवाज करत चावायचो. बाहेरून कोणी बघितलं असतं तर आम्हाला वेड लागलंय असंच म्हटलं असतं. पहिल्या आठवड्यात आईला एक पोळी जाईना. दुसऱ्यात दोन जायला लागल्या. सुरमईच्या कानांचा पिवळेपणा उतरत गेला, पण वाटीला तिने तोंड लावलं नाही. नळीच नळी.

अठराव्या दिवशी रविवार होता. आई दुसरी पोळी खात होती. सुरमई खुर्चीवरून टेबलावर चढली, वाटीपाशी आली आणि वास घेतला. मी आईच्या पायाला पाय लावला. आईला दिसलं होतं. सुरमईने एक तुकडा उचलला, खाली टाकला, परत उचलला आणि खाल्ला. मग दुसरा. आईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती समोर भिंतीकडे बघत चावत होती, कारण थांबायचं नाही असं लिहिलेलं होतं. दुसरी पोळी संपली. मी काही न बोलता तिच्या ताटात तिसरी वाढली. सुरमई सावकाश, निवडून निवडून खात होती. आईने चौथी खाल्ली तेव्हा कुठे वाटी रिकामी झाली, आणि ती माझ्या डोळ्यांदेखत रिकामी झाली.

मी बाहेर जाऊन डॉक्टरांना फोन लावला. सुरमईने स्वतःहून खाल्लं, सगळी वाटी, असं एका दमात सांगितलं. मग त्यांनी विचारलं, "आईंनी किती पोळ्या खाल्ल्या?"

"चार."

"बरं," ते म्हणाले. "दोघी आठवडाभर अशाच जेवल्या की नळी काढू."